हिंगणघाटचा कापूस आणि पेरणीची तारीख

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला. तेव्हा व्यापाऱ्यांची नजर ज्या गावांकडे वळली त्यांत वर्धा जिल्ह्यातले हिंगणघाटही होते. इथली ‘बनी’ ही देशी जात लांब धाग्यासाठी नावाजलेली. त्याच दशकात मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नॅक हा कापूस आयुक्त नेमला गेला. सरकारला बनी टिकवायची होती. शेतकरी मात्र आखूड धाग्याच्या ‘जरी’कडे वळत गेले, कारण तिच्या रुईचा उतारा जास्त. त्यांचे गणित मला तरी चुकीचे वाटत नाही.

जात कोणतीही असो, मृगाच्या पावसावर पेरणी, सीतादही करून पहिली वेचणी आणि शेवटी पऱ्हाटी उपटून चुलीला, हा क्रम ठरलेला. काही महिने रानात कापसाचे झाडच नसे.

१९७० मध्ये सुरतला डॉ. सी. टी. पटेल यांनी एच-४ हा पहिला व्यापारी संकरित वाण दिला. संकरित वाण उशिरापर्यंत बोंडे धरतात. विहिरीला पाणी असले की जानेवारीनंतरही पीक राखता येते, हीच फरदड. दुसऱ्या टोकाला ओलिताखाली मे महिन्यातच लागवड होऊ लागली. हंगाम दोन्हीकडून ताणला गेला.

त्याचा फायदा गुलाबी बोंडअळीला झाला. हिवाळ्यात तिच्या काही अळ्या सुप्तावस्थेत जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पतंग निघतात. अंडी घालायला त्यांना पाते-फुले हवीत. ती पेरणीनंतर सुमारे चाळीस दिवसांनी येतात. जूनच्या मध्यावर पेरलेल्या शेतात या पहिल्या पतंगांना काही मिळत नाही आणि ते दोन-तीन आठवड्यांत मरून जातात. मेच्या लागवडीत मात्र पाते तयारच असतात.

२००२ मध्ये बीटी कापूस आला, २००६ मध्ये दोन जनुकांचा. काही वर्षे अळी जवळजवळ दिसेनाशी झाली आणि तारखांची शिस्तही सुटली. पुढे अळीत प्रतिकारशक्ती आली. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे पोखरली गेली. डिसेंबरअखेर शेत मोकळे करा, असे शास्त्रज्ञ तेव्हापासून सांगत आहेत. पण कर्ज डोक्यावर असताना झाडावरची बोंडे कोण सोडणार? आणि एकाने ठेवलेल्या फरदडीतला पतंग शेजाऱ्याचा बांध ओळखत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांना शेतात न्यावे. न उमलता गुलाबकळीसारखे मिटून राहिलेले फूल, म्हणजे डोमकळी, उघडली की आत अळी सापडते. शंभर फुलांत डोमकळ्या किती ते मोजावे आणि शेजारी त्या शेताच्या पेरणीची तारीख लिहावी.