गोपाची नोंद व प्रजेचा अधिकार

राजसत्तेनें स्वतःच्या प्रजेवर पाळत ठेवणें ही अर्वाचीन यंत्रयुगाची उपज होय, असा समज रूढ आहे. म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांतील पोथीवरून शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापलेलें कौटिलीय अर्थशास्त्र पाहतां तो टिकत नाहीं.

दुसऱ्या अधिकरणाच्या छत्तिसाव्या अध्यायांत गोप नांवाचा अधिकारी सांगितला आहे. दहा, वीस किंवा चाळीस कुळांतील स्त्रीपुरुषांची संख्या, जाति, गोत्र, नांव, व्यवसाय आणि आयव्यय त्यानें जाणावा. धर्मशाळेच्या व्यवस्थापकानें उतारूंची खबर द्यावी. चोरून जखमेवर उपचार करविणाऱ्याची वर्दी वैद्यानें द्यावी. गोपाच्या वरचा नगराधिकारी तो 'नागरिक'. पाळत ठेवणाऱ्याचें हें नांव आज, जिच्यावर पाळत असते त्या प्रजेस लागलें आहे.

अर्थशास्त्र हा शास्त्रग्रंथ आहे, दफ्तर नव्हे. अमुक राजाच्या काळीं असेंच घडलें, असें त्यावरून म्हणतां येणार नाहीं. ग्रंथकाराची दृष्टि मात्र कळते. हेर खोटें सांगेल हें तो जाणतो. तिघांचें एकवाक्य झाल्यावर बातमी ग्राह्य मानावी व वारंवार विसंगति आढळल्यास हेरास गुपचूप दंड करावा, असा त्याचा नियम आहे. परंतु ही सावधगिरी राजाच्या हितासाठीं. ज्याची नोंद झाली त्यानें ती खोडून काढावी, यास या अध्यायांत वाव नाहीं.

कौटिल्याशीं वंशसंबंध नसलेल्या १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत हीच उणीव आढळते. जाहीर केलेल्या जमातींतील माणसें, व्यक्तिशः अपराध सिद्ध नसतांही, पटावर चढत. जाहीरनाम्याच्या वैधतेची चौकशी न्यायालयास करतां येत नसे. १९११ च्या कायद्यानें ही व्यवस्था मुंबई इलाख्यासही लागू होण्याजोगी झाली व बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. मध्यवर्ती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला.

अशा पटाचें पान संग्राहकांच्या हातीं आल्यास तें सरकारच्या संशयाचा पुरावा मानावें. त्यांतील माणसांच्या अपराधाचा नव्हे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत ठरविला. गोपाचें काम आतां यंत्रें करूं लागलीं आहेत. स्वतःविषयींची नोंद जाणण्याचा व न्यायासनापुढें तिला आव्हान देण्याचा अधिकार प्रजेस नसेल, तर तिघांच्या एकवाक्यानेंही तिचें रक्षण होणार नाहीं, असें आमचें मत आहे.