जंतू नव्हे, जंतूचं विष: शंभुनाथ डे आणि परळची प्रयोगशाळा

नांदेड-लातूरकडच्या माणसाला पंगतीतून बाधा झाल्याची बातमी काही नवी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत एका धार्मिक कार्यक्रमात भगरीचं जेवण झालं आणि आसपासच्या गावांतले २,००० हून अधिक लोक आजारी पडले. अशा वेळी आपण ‘विषबाधा’ हा शब्द सहज वापरतो. प्रत्येक घटनेचं कारण वेगळं असतं. पण जंतू आतड्यात विष सोडतो आणि त्या विषाने जुलाब होतात, हे सिद्ध कुणी केलं? आजचं व्याख्यान त्याबद्दल आहे.

सुरुवात पटकीपासून करू, म्हणजे कॉलऱ्यापासून. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात पटकी आणि मरीआई जोडीनेच येतात. साथ आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा. सकाळी शेतात गेलेला माणूस रात्री सरणावर, असा तो रोग. दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात या रोगाचा जंतू वेगळा काढला. हा जंतू काहीतरी विष सोडत असावा, असा अंदाजही त्यांनी मांडला. पण तो सिद्ध होईना. कारण साधं होतं: जनावरांना जंतू खाऊ घातला तरी त्यांना पटकी होत नसे. पुढची जवळपास ७५ वर्षं लोक हे विष शोधत राहिले, पण बहुतेक जण रक्तात शोधत होते.

शंभुनाथ डे यांनी ते आतड्यात शोधलं. जन्म १९१५, हुगळी जिल्ह्यातलं गरिबाटी हे गाव. कोलकात्यात वैद्यकीचं शिक्षण आणि १९४९ मध्ये लंडनहून पीएचडी. परत आल्यावर त्यांनी पटकीचं काम हाती घेतलं. १९५३ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी चटर्जी यांनी एक पद्धत छापली. सशाचं पोट उघडायचं, लहान आतड्याचा वीतभराहून लहान तुकडा दोन्हीकडून दोऱ्याने बांधायचा, त्यात जंतू सोडायचे आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी तो तुकडा पाण्याने टम्म फुगलेला! जंतू न घातलेला तुकडा मात्र तसाच चपटा. दोरा, सुई आणि ससा, सामान एवढंच.

मग पुढचा प्रश्न. हे जंतूमुळे होतं, की जंतूने सोडलेल्या कशामुळे? डे यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळला. गाळलेल्या द्रवात एकही जंतू राहिला नाही. तरी आतडं फुगलं. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये हे छापून आलं.

आता आपल्या महाराष्ट्राची बाजू बघा. त्याच वर्षी मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत, एन. के. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी वेगळ्या वाटेने हेच दाखवलं. सशाच्या अगदी लहान पिलांना जंतूविरहित अर्क दिला, तर त्यांनाही जुलाब झाले. दोन शहरं, दोन पद्धती, उत्तर एकच.

आता अन्नाकडे येऊ. १९५६ मध्येच डे यांनी जुलाबाच्या रुग्णांमधल्या ई. कोलाय जंतूंवर हाच प्रयोग केला होता. काही प्रकारांनी आतडं फुगवलं. पुढे परदेशातल्या प्रयोगशाळांनी अन्नातले इतर जंतूही याच पद्धतीने तपासले. त्यातला एक बॅसिलस सिरियस. शिजवून तसाच ठेवलेल्या भातात वाढतो, आणि त्याचे बीजाणू उकळल्यावरही तग धरतात.

याचा उपयोग काय झाला? पटकीचं विष आतडं फाडत नाही, फक्त पाणी आणि क्षार बाहेर ओढतं. साखर-मीठ शोषण्याची आतड्याची ताकद शाबूत राहते. म्हणून तर साखर-मिठाचं पाणी चालतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते पाजलं आणि ३० टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला.

आणि डे? नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. १९७८ मध्ये पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचं निमंत्रणही आलं. देशात मात्र एकाही मोठ्या विज्ञान अकादमीने त्यांना फेलो केलं नाही. १९८५ मध्ये ते गेले. ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला तो १९९० मध्ये.

आपल्यासाठी यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. ‘पुन्हा गरम केलं की झालं’ असं आपण म्हणतो. उष्णतेने जंतू मरतो, पण काही जंतूंनी आधीच करून ठेवलेलं विष मरत नाही. म्हणून सप्ताह असो की लग्न, शिजवलेलं अन्न तासन् तास तसंच ठेवू नका. आणि बाधा झालीच, तर उरलेलं अन्न फेकून देण्याआधी त्याचा नमुना अधिकाऱ्यांच्या हाती द्या. विष कुठलं, हे त्या नमुन्यातून कळू शकतं.