पटावरचे मूक प्रांत

आंतरराष्ट्रीय संबंध शिकवताना पदवीच्या वर्गात पट मांडण्याची प्रथा आता जुनी झाली आहे. तिचे मूळ मात्र छावणीत आहे. प्रशियातील रायस्वित्झ पितापुत्रांनी सिद्ध केलेला 'क्रीगश्पील' १८२४ मध्ये तिथल्या सैन्याने स्वीकारला. त्यात फासे होते आणि पंचही होता. दैव व निवाडा या दोहोंना पटावर स्थान होते.

हार्वर्डमध्ये शिकलेल्या अ‍ॅलन कॅलहॅमर यांनी १९५४ साली रचलेल्या आणि १९५९ साली स्वतःच पाचशे प्रती काढून विकलेल्या 'डिप्लोमसी'ने दैवाला रजा दिली. १९०१चा युरोप, सात सत्ता, ३४ पुरवठा-केंद्रे; १८ जिंकील तो विजयी. खेळाडू आधी खाजगीत बोलणी करतात, मग आज्ञा कागदावर लिहितात आणि त्या साऱ्या एकदम उघडल्या जातात. दिलेला शब्द पाळण्याचे बंधन कुणावरच नाही. मित्राच्या साहाय्यावाचून पुढे सरकता येत नाही आणि विजय तर एकट्याचाच. तेव्हा विश्वासघात हा इथे स्वभावदोष नव्हे, तो नियमांतूनच निपजतो. कौटिल्याच्या मंडलात शेजारी केवळ स्थानामुळे 'अरि' ठरतो, तसेच हे. 'मुद्राराक्षस' शिकवणाऱ्यांना यात नवल वाटू नये. (तिथे मात्र राक्षसाचे मित्रप्रेम ही कथानकाची किल्ली आहे. पटावर तिला कुलूपच नाही!)

आम्हाला खटकते ते निराळेच. ३४ पैकी १२ केंद्रे तटस्थ आहेत. त्यांत सर्बिया आहे, बेल्जियमही आहे. त्यांच्या वतीने बोलणारा कुणी नाही. १९१४च्या जुलैत ऑस्ट्रियाचा निर्वाणीचा खलिता गेला तो सर्बियाला, आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरले ते बेल्जियमच्या तटस्थतेचे कारण देऊन. ज्या युद्धाचा धडा द्यायचा, त्याची ठिणगी जिथे पडली ते प्रांत पटावर केवळ गिळण्यासाठी आहेत. वसाहतींचे तर नावच नाही. पटाची कड सिरिया-आर्मेनियापाशी संपते. मराठा पलटणी जिथे लढल्या तो मेसोपोटेमिया तिच्या पलीकडे. हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली, त्यांचे बळ इंग्लंडच्या कोणत्या सोंगटीत मोजायचे?

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हॅरल्ड गेट्झको यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात उभारलेल्या 'इंटर-नेशन सिम्युलेशन'मध्ये सत्ताधाऱ्याला देशातील पाठीराख्यांना राजी ठेवावे लागे, नाहीतर अधिकारपद जाण्याचा धोका असे. तो रुक्ष, हिशेबी प्रयोग होता. रंगत कॅलहॅमर यांच्या पटातच अधिक, हे मान्य. म्हणून आमची सूचना लहानशी आहे: वर्गात डिप्लोमसी मांडावी, पण सर्बिया, बेल्जियम आणि पटाबाहेरचा हिंदुस्थान अशा तीन जागा आणखी तिघांना द्याव्यात. त्यांना सैन्य नको. बोलण्यांच्या वेळी खोलीत बसण्याचा आणि प्रत्येक फेरीनंतर आपली कैफियत वर्गापुढे वाचण्याचा हक्क तेवढा असावा.