खिमट पुन्हा गरम करताना

सहा महिने पूर्ण झाले की बाळाला आईच्या दुधासोबत वरचे अन्न सुरू होते. आधी दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, आणि प्रत्येक वेळी लागते ते फार तर अर्धी-पाऊण वाटी. एवढ्याशा खिमटासाठी दर वेळी कुकर चढवणे बहुतेक घरांना जमत नाही. सकाळी एकदाच मुगाची डाळ आणि तांदूळ मऊ शिजवून, घोटून, त्यातला वाटा दुपारसाठी व संध्याकाळसाठी काढून ठेवला जातो. हा वाटा मायक्रोवेव्हशिवाय, म्हणजे गॅस, पातेले, कुकर आणि गरम पाणी एवढ्यावरच, पुन्हा कसा गरम करावा, हा इथला विषय.

घरोघरी मिळणारा सल्ला असा: वाटी गरम पाण्यात ठेव, कोमट झाले की भरव. हा सल्ला अर्धाच आहे आणि तो अर्धा राहण्यात धोका आहे. बाळाचे अन्न पुन्हा गरम करताना दोन वेगळी कामे व्हायला हवीत. पहिले, साठवणीच्या काळात वाढलेले जिवाणू मारणे. त्यासाठी अन्नाचा कणन्‌कण किमान ७० अंश सेल्सिअसपर्यंत जावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अन्नसुरक्षेच्या सूचनांतही हाच आकडा आहे. दुसरे, अन्न बाळाच्या तोंडाला सोसेल अशा ३७ ते ४० अंशांवर आणणे. गरम पाण्यातली वाटी दुसरे काम छान करते, पहिले करत नाही. उलट थंड अन्न सावकाश कोमट करणे म्हणजे ते जिवाणूंना सर्वांत मानवणाऱ्या तापमानात नेऊन ठेवणे. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वाफा येईपर्यंत तापवायचे, मग निववायचे. थेट कोमट करायचे नाही.

जिवाणू ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात वाढतात. अनुकूल स्थितीत त्यांची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. शंभरापासून सुरुवात धरली तर दोन तासांत ६,४०० आणि चार तासांत चार लाखांच्या वर. नागपूर-चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा ओट्यावर झाकून ठेवलेले खिमट निवत तर नाहीच, दिवसभर त्या पट्ट्याच्या मध्यावर राहते.

आता या विवेचनातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उकळी आणली की सगळे शुद्ध होते, हा समज चुकीचा आहे. भातातला बॅसिलस सेरियस हा जिवाणू बीजाणूंच्या रूपात पहिल्या शिजवण्यातून तगून राहतो. भात कोमट राहिला की बीजाणू उगवतात, वाढतात आणि त्यांतले काही प्रकार उलट्या घडवणारे विष तयार करतात. या विषावर कुकरमधल्या १२० अंशांचाही परिणाम होत नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतल्या परतलेल्या भातामुळे विषबाधा झाल्या, तेव्हा हे उघड झाले. भात उकडून बाहेरच ठेवला जात असे आणि गिऱ्हाईक आले की मोठ्या आचेवर परतला जात असे. आच भरपूर होती, पण विष त्याआधीच तयार झालेले होते. हातांवरून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकॉकसचे विषही असेच उष्णतेला दाद देत नाही. डाळीत आणि मांसाच्या सुपात वाढणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्सचे तसे नाही. त्याच्या जिवंत पेशी ७० अंशांपुढे मरतात. म्हणजे पुन्हा गरम करण्याने काही चुका दुरुस्त होतात, काही होत नाहीत. तीन-चार तास बाहेर राहिलेले खिमट कितीही उकळले तरी बाळाला देऊ नये. गरम करण्याची पद्धत शोधण्याआधी ते कसे निववले आणि कुठे ठेवले, हे विचारायला हवे.

निववण्याची रीत सोपी आहे. शिजल्याबरोबर बाळाचा दुपारचा वाटा स्वच्छ, कोरड्या चमच्याने काढून पसरट ताटलीत घ्यावा, ताटली थंड पाण्याच्या परातीत ठेवावी, मग लहान झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवावा. दारातल्या कप्प्यात नको, तिथले तापमान दर उघडझापीला वर जाते. भात असलेले अन्न २४ तासांत संपवावे. पालक शिजवून ठेवणे टाळावे, कारण त्यातल्या नायट्रेटचे साठवणीत जिवाणूंमुळे नायट्राइट होते आणि ते तान्ह्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी करते. पालक घालायचा तर त्याच वेळचा. घरात फ्रिज नसेल किंवा वीज तासन्‌तास जात असेल, तर बाळाला शिळे न देण्याचा आजीचा नियम जसाच्या तसा पाळावा. तिथे तो शास्त्राला धरूनच आहे.

आता उष्णतेचा हिशेब. फ्रिजमधून काढलेले १०० ग्रॅम खिमट ५ अंशांवरून ७५ वर न्यायला साधारण २६ किलोज्यूल लागतात. समजा, मोठ्या वाडग्यात ३०० मिलिलिटर पाणी ८० अंशांवर आहे आणि त्यात खिमटाची वाटी ठेवली. हवेत, भांड्यात काहीही उष्णता वाया गेली नाही असे धरले, तरी दोन्ही जिथे समपातळीला येतील ते तापमान ६३ अंशांच्या आसपास. प्रत्यक्षात ते त्याहूनही खाली राहील. आचेवरून उतरवलेल्या पाण्यात ठेवलेली वाटी ७० गाठत नाही, याचे कारण इथे आहे. पाणी आचेवर उकळत ठेवून त्यात वाटी ठेवली तर प्रश्न वेगळा होतो, कारण खालून उष्णता मिळतच राहते. महाबळेश्वरसारख्या उंच ठिकाणी पाणी ९६ अंशांच्या आतच उकळते, तरी ७० पेक्षा ते पुष्कळ वर आहे.

पण पुरेशी उष्णता पुरवणे एक आणि ती अन्नाच्या मध्यापर्यंत पोचणे दुसरे. पातळ दूध तापते तेव्हा खालचा गरम भाग वर येतो, वरचा थंड भाग खाली जातो आणि दूध आपोआप ढवळले जाते. घट्ट खिमटात हे अभिसरण जवळजवळ थांबते. उष्णता कणाकणाने सरकते, आणि या सरकण्याला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ हिशेबाने एक सेंटिमीटर जाडीच्या थरातून उष्णता पार व्हायला बारा मिनिटे लागत असतील, तर दोन सेंटिमीटरला पाऊण तासाच्या जवळ. म्हणून गच्च भरलेल्या खोल वाटीच्या कडा चटका देतात आणि मधला गोळा गारच असतो. तळाशी बुडबुडे फुटत असले तरी वरचा थर थंड असू शकतो. त्यामुळे खदखदण्याचा पहिला आवाज ही खूण मानू नये. ढवळून झाल्यावर पुन्हा सगळीकडून वाफ आणि बुडबुडे येतात का, हे पाहावे. आच वाढवल्याने हा वेळ वाचत नाही, तळ लागतो. थर पातळ ठेवणे आणि सतत ढवळणे यांनी मात्र बारा मिनिटांचे काम दोन-तीन मिनिटांत होते. मायक्रोवेव्हमध्येही थंड गाठी राहतात आणि तिथे लोक ढवळायला विसरतात. गॅसपाशी उभी राहून पळी फिरवणारी व्यक्ती या बाबतीत यंत्रापेक्षा चांगले काम करते, असे मला ठामपणे वाटते.

यावरून पद्धतींची निवड करता येते. रोजच्या वापराला सर्वांत चांगले ते फोडणीचे कढले किंवा लहान जाड बुडाचे पातेले. आधी त्यात दोन-तीन मोठे चमचे पाणी उकळावे, मग खिमट चमच्याने मोडून घालावे आणि मंद आचेवर ढवळत राहावे. पाणी आधी उकळण्याला कारण आहे: कोरड्या तळाला थंड गोळा टेकला की तो चिकटतो, पाण्याच्या थरावर पडला की सुटा होतो. स्टीलची पातळ वाटी थेट ज्योतीवर ठेवणे मात्र वाईट. स्टील उष्णतेचे मंद वाहक आहे, ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे पंधरा पटींनी. ज्योत टेकते तेवढीच जागा भडकते आणि बाकीची वाटी मागे राहते. वाटीच वापरायची तर खाली तवा ठेवावा, म्हणजे आच पसरते. कढले ताजी फोडणी केलेले नसावे, नाहीतर मोहरी-हिंगाचा वास बाळाच्या पेजेला लागतो. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर टोमॅटो किंवा ताक घातलेले अन्न त्यात तापवू नये.

दुसरी पद्धत वाफेची. इडलीपात्र, मोदकपात्र किंवा शिट्टी काढलेला कुकर यांपैकी काहीही चालते. वाफ थंड भांड्यावर येऊन पाणी होते तेव्हा दर ग्रॅममागे सुमारे २,२५७ ज्यूल उष्णता सोडते. आपल्या २६ किलोज्यूलच्या हिशेबात बारा-एक ग्रॅम वाफ, म्हणजे अडीच चमचे पाणी, पुरते. तळ लागण्याची भीती नाही, म्हणून उकडलेले गाजर, भोपळा, रताळे, सफरचंद यांचे कुसकरलेले गोळे गरम करायला ही पद्धत फार चांगली. अन्न पसरट डब्यात दीड सेंटिमीटरपेक्षा जाड नसावे, वर ताटली झाकावी आणि मध्ये एकदा उघडून ढवळावे. शिट्टी लावून दाब आणण्याची गरज नाही.

गोठवलेल्या अन्नाचा हिशेब निराळा. बर्फाच्या साच्यात घट्ट वरण किंवा भोपळा गोठवून ठेवण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. उणे १८ अंशांवरचे १०० ग्रॅम अन्न नुसते वितळवायलाच साधारण ३० किलोज्यूल खर्च होतात; पुढे शून्यापासून ७० पर्यंत न्यायला जेवढे लागतात त्याहून थोडे जास्तच. म्हणून वेळ दुप्पट धरावा. गोठवलेले तुकडे रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उतरवून ठेवावेत किंवा थेट उकळत्या पाण्याच्या कढल्यात टाकावेत. ओट्यावर वितळत ठेवणे नको: बाहेरचा थर तासाभरात कोमट होतो आणि आतला अजून बर्फच असतो. गोठवण्याने जिवाणू मरत नाहीत, फक्त थांबतात. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये.

सकाळी सैल असलेले खिमट दुपारी फ्रिजमधून काढले की वडीसारखे निघते. शिजताना पाणी पिऊन फुगलेले पिठूळ कण थंडाव्यात पुन्हा एकमेकांना धरतात आणि पाणी सोडतात. तापवल्यावर बरेचसे सैल होतात, पण पहिल्याइतके नाही. म्हणून आपण पाणी घालतो. इथे हात आखडता हवा. बाळाच्या पोटाची जागा त्याच्या वजनाच्या दर किलोला सुमारे ३० मिलिलिटर धरतात. आठ किलोच्या बाळाला एका वेळी २४० मिलिलिटरच्या वर जात नाही. दर वेळी पाणी ओतून खिमट पेजेवर आणले तर पोट भरते आणि अन्न मात्र निम्मेच जाते. वजन न वाढणाऱ्या कितीतरी बाळांच्या घरी वाटी रिकामी होत असते, आणि म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नाही. सैल करायचे तर चमच्यातून उलटे केल्यावर थबकून पडेल इतपतच.

याला एक सुंदर उपाय आहे. १९८०च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या पिठावर काम केले. मोडांत तयार होणारे अमायलेज हे विकर पिठूळ साखळ्या तोडते, त्यामुळे अगदी थोडे पीठ घातले तरी घट्ट लापशी पाणी न घालता सैल होते. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्व करतात, त्यामागे हेच रसायन आहे. खिमट उतरवून किंचित निवल्यावर मोडाच्या नाचणीचे चिमूटभर पीठ ढवळावे, कारण उकळत्या तापमानाला विकर नष्ट होते. पाच मिनिटांनी सैल झाले की पुन्हा एक उकळी आणावी, कारण पीठ कच्चे असते.

तूप आणि लिंबाचा रस तापवून झाल्यावर घालावेत. आईचे दूध मिसळायचे असेल तर तेही शेवटी, खिमट कोमट झाल्यावर. काढून ठेवलेले आईचे दूध कधीही आचेवर ठेवू नये: त्यातली रोगप्रतिकारक प्रथिने आणि विकरे उष्णतेने कमी होतात. नुसत्या गरम पाण्यात बाटली किंवा वाटी ठेवून कोमट करण्याची पद्धत खरी त्याच्यासाठी आहे; खिमटासाठी ती तिथूनच उचलली गेली असावी.

भरवताना खिमट मुख्य डब्यातून वेगळ्या वाटीत घ्यावे. भरवण्याचा चमचा एकदा वाटीत बुडाला की बाळाची लाळ आत जाते. लाळेतही अमायलेज असतेच, म्हणून उरलेले खिमट तासाभरात पाण्यासारखे होते, आणि तोंडातले जिवाणूही सोबत गेलेले असतात. ते पुन्हा गरम करायचे नाही, टाकून द्यायचे. एकदा तापवलेले दुसऱ्यांदाही तापवायचे नाही. निवलेले खिमट नीट ढवळून मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंबभर ठेवून पाहावे. स्टीलच्या वाटीचा काठ गरम असू शकतो, तो बाळाच्या ओठाला लागू देऊ नये.

कामावर जाणाऱ्या आईपुढचा प्रश्न पाळणाघराचा. पुष्कळ जणी सकाळी खिमट थर्मासमध्ये भरून देतात. थर्मास आधी उकळत्या पाण्याने दहा मिनिटे तापवून, त्यात वाफाळते अन्न काठोकाठ भरले आणि उघडताना ते ६० अंशांच्या वर असले, तरच हे सुरक्षित. कोमट अन्न भरलेला थर्मास जिवाणूंना हवी तीच ऊब तासन्‌तास जपतो. पाळणाघरात फ्रिज आणि गॅस असेल तर गार डबा द्यावा आणि सांभाळणाऱ्या ताईंना नीट सांगावे: कढल्यात पाणी उकळून, ढवळत, सगळीकडून वाफ येईपर्यंत, मग निववून, उरले तर फेकून. तिथे गॅस नसेल, किंवा एसटीचा लांबचा प्रवास असेल, तर गरम करण्याचा प्रश्नच काढून टाकता येतो. तांदूळ आणि मुगाची डाळ खमंग भाजून बारीक दळलेली पूड कोरड्या डब्यात न्यावी, थर्मासमध्ये फक्त उकळते पाणी. भूक लागली की वाटीत दोन चमचे पूड, वर वाफाळते पाणी, गुठळ्या मोडून पाच मिनिटे झाकण. कोरड्या पुडीत जिवाणू वाढत नाहीत, आणि खिमट बाळासमोर त्याच वेळी तयार होते.