उंबरा, उंबर आणि नृसिंहाची नखं

हिरण्यकशिपूची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. घरात नाही नि बाहेर नाही, दिवसा नाही नि रात्री नाही, असा वर. म्हणून तिन्हीसांजेला उंबऱ्यावर वध. गोष्टीचं पुढचं शेपूट मात्र गुरुचरित्र वाचणाऱ्यांना ठाऊक. दैत्याच्या पोटातल्या विषानं नृसिंहाच्या नखांची आग होऊ लागली, तेव्हा लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, नखं त्यांत खुपसली आणि दाह शमला. १९ व्या अध्यायात हे आहे. म्हणजे दैत्य मेला उंबऱ्यावर आणि नखं निवाली उंबरात! याला योगायोग म्हणायला मी तयार नाही.

आधी उंबऱ्याचं गोत्र पाहू. अमरकोशात उंबरठ्याला 'देहली' आहे. हिंदीतली देहरी तिचीच लेक. मराठीनं आणि गुजरातीनं मात्र उंबर धरला. सहाव्या शतकातला वराहमिहिर बृहत्संहितेत दाराचं माप देतो: दार जितके हात उंच, तितकी अंगुळं उभ्या शाखांची जाडी, आणि 'उदुंबरां'ची त्याच्या दीडपट. चार हाती दाराला शाखा चार अंगुळं, उदुंबर सहा. गंमत अशी की उदुंबर त्यानं द्विवचनात घातलाय. खालचं आडवं लाकूड उदुंबर, तसं वरचंही!

उंबराच्या लाकडाचा करत म्हणून उंबरठा, असं सर्रास सांगतात. सुताराला हे पटणार नाही. उंबराचं लाकूड मऊ. पाण्याखाली टिकतं म्हणून विहिरीच्या बांधकामात चालतं. पण जिथे पिढ्यान्‌पिढ्या पाय पडायचे तिथे साग नाहीतर दगडच. मग नाव आलं कुठून? माझ्या मते पावित्र्यातून. सोमयागाच्या मंडपात उंबराचा खांब, 'औदुंबरी', रोवत असत. झाडाचा मान दाराला मिळाला, लाकूड कुठलंही असो.

यावर तगडी हरकत आहे ती पालीची. पालीत उंबरठा म्हणजे 'उम्मार' आणि झाड 'उदुंबर'. शब्द सरळ दोन. संस्कृत कोशांतही 'उम्बर' असा सुटा शब्द सापडतो, अर्थ चौकटीचं वरचं लाकूड. तेव्हा मूळ शब्द देशीच, पंडितांनी त्याला उदुंबराचं सोवळं नेसवलं, असं म्हणता येतं. माझा पावित्र्याचा तर्क इथे लंगडतो, हे कबूल. मराठीतला शेवटचा 'ठा' मी 'काष्ठ'मधून आणतो, चतुष्काष्ठातून चौकट आली तसा; पण त्यानंही झाड कोणतं ते ठरत नाही.

माझ्या मूळ मुद्द्याला मात्र धक्का लागत नाही. कुळं दोन असली तरी मराठी कानाला उंबरा आणि उंबर एकच. भागवताच्या सातव्या स्कंधात वध दारात होतो, पण तिथे ना फळं, ना नखांची आग. 'उंबऱ्यावर मारला' असं मराठीत सांगताना कुणाला तरी उंबर आठवला आणि गोष्टीला फांदी फुटली, असं मी धरतो.

यालाही प्रतिस्पर्धी आहे. गुरुचरित्रातल्या गुरूचं नाव नृसिंहसरस्वती, त्यांचा वास औदुंबरातळी. नाव आणि झाड जोडायला संप्रदायाला कथा हवीच होती, शब्दश्लेषाची गरज काय? बरं, ग्रंथकर्ता सरस्वती गंगाधर याची भाषा कानडी, असं मानतात. कानडीत उंबरठा 'होस्तिलु' आणि उंबर 'अत्ति'. तिथे श्लेष जमतच नाही. मला यातूनच बळ मिळतं. कथा कानडी घरातली नसणार. कृष्णाकाठी मराठी तोंडून ऐकूनच ती ग्रंथात आली असणार.

आज फ्लॅटच्या दाराशी ग्रॅनाइटची पट्टी असते. तरी नवी नवरी माप ओलांडते ती तिथेच, आणि खेड्यातली वस्ती अजून उंबऱ्यांवर मोजतात: दोनशे उंबऱ्यांचं गाव. वाड्यांच्या चौकटीत वरच्या लाकडाला आपण गणेशपट्टी म्हणतो. वराहमिहिराचा दुसरा उदुंबर मराठीत कुठे गेला, ते मला हवंय. तुमच्याकडे एखादा जुना सुतार वरच्या लाकडालाही उंबरा म्हणत असेल, तर जरूर कळवा.