व्हॉनबाईंचे दुसरे शिक्षण

१९४० च्या सुमारास अमेरिकेत ‘कॉम्प्युटर’ हा शब्द कोणी उच्चारला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यंत्र येत नसे. माणूस येई, आणि बहुधा ती बाई असे. व्हर्जिनिया राज्यातील लँग्ली येथे विमानविद्येची सरकारी प्रयोगशाळा होती. तेथे अशा बायांनी दिवसभर बसून आकडेमोड करावी, असा शिरस्ता होता.

१९४३ च्या डिसेंबरात डोरोथी व्हॉन तेथे नोकरीस लागल्या. वय ३३, विल्बरफोर्स विद्यापीठाच्या पदवीधर, फार्मव्हिल गावी काळ्या मुलांच्या शाळेत गणिताच्या शिक्षिका. शिक्षकाचा पगार बहुधा साऱ्या जगात सारखाच अपुरा असावा, कारण त्याच वर्षीच्या उन्हाळी सुटीत या बाई एका लष्करी छावणीच्या धुलाईखान्यात ताशी ४० सेंटवर राबत होत्या. संरक्षणाच्या कारखान्यांत वर्णभेद करू नये, असा हुकूम अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ साली काढला होता, म्हणून लँग्लीचे दार उघडले. उघडले तेही अर्धेच. काळ्या बायांची खोली निराळी, आणि जेवायला टेबलही निराळे.

काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. इंजिनियर समीकरण आणून देई. ते फोडून एका मोठ्या तक्त्यात उतरवायचे: पहिल्या रकान्यात वेग, दुसऱ्यात त्याचा वर्ग, तिसऱ्यात त्या वर्गाला अमुक संख्येने गुणून येणारे उत्तर, असे उजवीकडे सरकत जायचे. तक्ता नीट आखला असेल, तर विमानाचे ओ की ठो न कळणाऱ्या मुलीनेही तो बिनचूक भरावा. १९४९ साली व्हॉनबाई या विभागाच्या प्रमुख झाल्या. त्या संस्थेत हा मान मिळालेली ती पहिली काळी व्यक्ती.

पुढे प्रयोगशाळेत विजेची गणनयंत्रे आली. ज्यांच्या हुद्द्याचेच नाव ‘कॉम्प्युटर’, त्यांच्याच पोटावर तेच नाव घेऊन यंत्र येऊन बसले. १९५७ साली आय.बी.एम. कंपनीने ‘फोरट्रान’ नावाची भाषा बाहेर काढली. सूत्रे कागदावर लिहितो तशीच जवळजवळ यात लिहावीत, आणि यंत्राने ती स्वतःच्या बोलीत उतरवून घ्यावीत, अशी योजना होती. व्हॉनबाई चाळिशी उलटल्यावर, कोणी गुरू न करता, ही भाषा शिकल्या.

बीजगणित शिकविणाऱ्याला या भाषेत पहिली ठेच कोठे लागते, ते माझ्यासारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरालाही सांगता येईल. ‘न बरोबर न अधिक १’ असे विद्यार्थ्याने वहीत लिहिले, तर आम्ही लाल शाई काढू. फोरट्रानमध्ये ते शुद्ध आहे. तेथे ‘बरोबर’ म्हणजे समानता नव्हे, ती आज्ञा आहे: न नावाच्या कप्प्यातली संख्या घे, तीत एक मिळव, आणि उत्तर पुन्हा त्याच कप्प्यात ठेव. वीस-पंचवीस वर्षांची हाताची सवय इथे मोडावी लागते. शिवाय एकेक ओळ एकेका पुठ्ठ्याच्या पत्त्यावर भोके पाडून उठवायची. मुलगी चुकीचा रकाना पाहून ‘बाई, हे असे कसे?’ म्हणून विचारायला येई. यंत्र तसे विचारीत नाही.

तरी मला वाटते, बाईंनी मूळ विद्या नव्याने मिळवली नाही. खोलीभर मुलींसाठी पायऱ्या पाडून तक्ते आखणे म्हणजे आज्ञावली लिहिणेच होते. फक्त वाचणारा बदलला. आणि शिक्षिकेचा स्वभाव कोठे जातो? आपल्याबरोबरच्या बायांनाही त्यांनी ती भाषा शिकवली, म्हणजे हातची आकडेमोड संपली तरी त्यांची नोकरी संपू नये.

ती वेळ १९५८ साली आली. जुनी संस्था जाऊन ‘नासा’ झाली, आणि काळ्या बायांचा निराळा विभाग मोडला. ही गोष्ट चांगलीच झाली. पण त्याबरोबर बाईंचे प्रमुखपदही गेले. नव्या गणनविभागात गोरे-काळे, स्त्री-पुरुष एकत्र बसत. तेथे त्या फोरट्रानच्या जाणकार म्हणून राहिल्या. लहान उपग्रह आकाशात सोडणाऱ्या ‘स्काउट’ या चार टप्प्यांच्या अग्निबाणाच्या कामातही त्यांचा हात होता.

१९७१ साली त्या निवृत्त झाल्या. मधल्या काळात प्रमुखाची जागा पुन्हा मिळावी म्हणून त्यांनी प्रयत्न केले होते. ती मिळाली नाही.