मंडई

झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली व पूर्व चंद्रपुरात, दिवाळीनंतर भरणारी एक दिवसाची गावजत्रा. तिचे मूळ धानाच्या हंगामाशी व गोवर्धनपूजेशी जोडलेले असून गोवारी समाजाच्या ढालपूजनाला तीत मान असतो (पहा : गोवारी). शेजारची गावे सहसा वेगवेगळे दिवस धरतात, त्यामुळे पाहुण्यांना गावोगाव फिरता येते. दिवसा बाजार व दंडार. रात्री खडीगंमत किंवा नाटक, बहुधा पहाटेपर्यंत (पहा : झाडीपट्टी रंगभूमी). सासुरवाशिणी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. पाहुण्यारावळ्यांकडून पंचक्रोशीतील पीकपाणी, आजारपण, भाऊबंदकी अशा बातम्याही येथेच कळतात. हे काम मोबाइलने अजून पुरते हिरावलेले नाही. बैलजोड्यांच्या शर्यतींचा शंकरपट हा मात्र स्वतंत्र उत्सव होय.